‘हात’, प्रत ९/३०

११ ऑक्टोबर, शनिवार

कापू का म्हणे! फ्रेमवाल्यानं आज मला तोंडावर विचारलं – "मॅडम, कडेचा कोरा कागद जास्त होतोय, कापून टाकू का? चित्र उठून दिसेल." मी त्याच्या दुकानातच स्टुलावर बसले. अरे बाबा, त्या कोऱ्या कडेवरच चित्रकर्तीची पेन्सिलनं केलेली सही आहे. तिथंच ९/३० लिहिलंय. तीस प्रती काढल्या, त्यातली ही नववी. ते कापल्यावर उरलं काय? कॅलेंडर! एवढं समजावलं तर म्हणतो, "मग सही मागच्या बाजूला चिकटवून देतो ना."

चित्र उचललं आणि घरी आले. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

आता ‘हात’ छोट्या खोलीतल्या टेबलावर आडवं ठेवलंय, वर पातळ कागद झाकून. काय सुंदर झालंय! एका दंडावर आवळलेली पाच बोटं. बस्स. चेहरा नाही, माणूस नाही. आधी करडा, त्यावर मातकट, मग जांभळा, सगळ्यात वर काळी रेषा. प्रत्येक रंगाची छपाईची जाळी वेगळी, प्रत्येक वेळी रबरी पट्टीनं शाई हातानं ओढलेली. भिंगातून तासभर बघितलं. रंग रेषेबाहेर केसभरही सरकलेला नाही.

‘हुकूम’ मालिकेतलं हे शेवटचं. खुर्ची, बूट, माईक, शिक्का, जिना आणि आता हात. सगळी नवव्या क्रमांकाची! ही चित्रं छापणारा स्टुडिओ माझ्यासाठी नववी प्रत बाजूला ठेवतो. असा जुळलेला संच आणखी कुणाकडे असेल असं वाटत नाही. दोन नोव्हेंबरला आमच्या संग्राहक मंडळींना घरी बोलावलंय. बघू देत आणि जळू देत.

१२ ऑक्टोबर

शेजारीण साखर मागायला आली, आणि भिंतीवरच्या ‘बूट’कडे बघून म्हणाली, "एकट्या राहता, घरात एखादं फुलाबिलांचं लावावं हो." हिच्या फुलांच्या!

दरवेळी तेच. मारहाणीची चित्रं का जमवता? सत्ता, दंडुके, हे काय घरात लावायचं असतं? अहो, मी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासते. दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात. आपोआप लागलं. उभी होती, कुणीतरी मारून गेलं. घरी आल्यावर भिंतीवर एक तरी वस्तू असावी जी सरळ सांगते – हा बूट आहे आणि तो असा पडतो. मला त्यानं बरं वाटतं. हे शेजारणीला कसं सांगायचं? साखर दिली आणि पाठवलं.

१३ ऑक्टोबर

धाकटी आली. न कळवता! दारात उभी, एक पिशवी, चेहरा उतरलेला. "ताई, घरी रंगकाम काढलंय. वासानं डोकं उठतं. चार दिवस राहू?"

राहू काय राहू? बहीण आहे, नाही कसं म्हणणार. पण छोट्या खोलीशिवाय जागा कुठंय! तिथं ‘हात’ टेबलावर, भिंतीवर ‘जिना’ आणि ‘शिक्का’. तिला सगळं समजावून सांगितलं. पडदे उघडायचे नाहीत, उन्हानं शाई उडते. टेबलाजवळ पाणी न्यायचं नाही. चित्राला बोट लावायचं नाही.

सगळ्याला मान हलवली. मग विचारते काय – "ताई, या खोलीला आतून कडी नाही का गं?"

नाही. ती चित्रांची खोली आहे, चित्रं कशाला कडी लावून झोपतील!

१५ ऑक्टोबर

पडदे उघडे. सांगून झालं.

१६ ऑक्टोबर

सकाळी दार उघडेना. ढकलते तर आत काहीतरी अडतंय. धाकटीनं टेबल दाराला लावून ठेवलेलं! तेच टेबल – ज्यावर ‘हात’ आहे! झोपण्याआधी ओढत नेलं म्हणे. कागदाला सुरकुती पडली असती तर? कोपरा मुडपला असता तर? तीसपैकी एक गेली म्हणजे गेली. जाळ्या स्टुडिओनं धुऊन टाकल्यात, हे पुन्हा छापता येत नाही.

"दार आपोआप उघडतं ताई," असं पुटपुटली. आपोआप! हा शब्द घरीही पिच्छा सोडत नाही.

त्यात ‘जिना’ आणि ‘शिक्का’ भिंतीकडे तोंड करून टांगलेले. का? तर झोप लागत नाही म्हणे. लहानपणीही अशीच होती. बागुलबुवाचं चित्र असलेलं पान पिनेनं बंद करून टाकायची. आता पन्नाशीला आली, तरी तेच! मी चित्रं सुलटी केली, टेबल जागेवर आणलं. ती पलंगावर बसून बघत होती. मदत करायला एक बोट हलवलं नाही. उजवा हात तर मांडीवरून उचललाच नाही.

२० ऑक्टोबर

चार दिवसांचे आठ झाले. रंगकाम आहे की राजवाडा बांधतायत?

तसा तिचा त्रास म्हणावा तर काही नाही, आणि तोच त्रास आहे. पावलांचा आवाज नाही. कप ठेवला तर ठेवल्याचा आवाज नाही. मी जरा मोठ्यानं बोलले की लगेच "सॉरी ताई". कशाबद्दल सॉरी? मी फोनवर गॅसवाल्याला ओरडत होते!

नवा फ्रेमवाला मिळाला. कडेचं कोरं कापू नका असं त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "कापणारा माणूस वेडा असेल." माणूस समजूतदार दिसतो.

२३ ऑक्टोबर

जजसाहेबांचा फोन. (आमच्या मंडळींत सगळ्यात थोर तेच, निवृत्त न्यायाधीश. त्यांचा संग्रह माझ्या दुप्पट.) ‘हात’ची प्रत त्यांना मिळाली नाही! आवाजात कसली ती नाराजी, अहाहा. म्हणाले, "दोन तारखेला सकाळी मी लवकरच येईन, गर्दी व्हायच्या आत बघायचंय." या की. पायघड्या घालते.

धाकटीला म्हटलं, त्या दिवशी खोली रिकामी लागेल. ती "बरं" म्हणाली. दोन घास खाऊन उठली.

२६ ऑक्टोबर, रविवार

अंगाचा तिळपापड झालाय.

सकाळी धाकटी अंघोळ करून आली. एरवी मनगटापर्यंत बाह्या असतात, आज टॉवेल गुंडाळून खोलीकडे पळत होती. उजव्या दंडावर डाग! जांभळा, कडेनं मातकट पिवळा. माझे तेच रंग!

मी किंचाळले. "चित्रावर हात टेकलास? टेबल ओढताना टेकलास ना?" ती जागच्या जागी थिजली. मी तिला ओढत बेसिनपाशी नेलं, साबण लावला, घासलं. डाग हलेना. मग स्पिरिटचा बोळा आणला. शाई वाळली की साबणाला दाद देत नाही, स्पिरिटनं थोडी सुटते. घासते आहे, घासते आहे. तिच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, स्पिरिट झोंबतंय.

"राहू दे ताई. ते निघत नाही."

"निघत नाही म्हणजे काय? चित्राची शाई तुझ्या अंगावर, मग चित्रावर काय राहिलं?"

तिला तिथंच सोडलं आणि टेबलाकडे धावले. पातळ कागद काढला. भिंग घेऊन इंच न् इंच बघितला. काही नाही! जांभळा जिथल्या तिथं, रेष सलग, कुठं पुसट नाही. सगळी दुपार त्यातच गेली. हायसं वाटलं. पण डोकं शांत होईना. हे असं किती दिवस जीव टांगणीला लावून बसायचं?

शेवटी तिच्या नवऱ्याला मीच फोन केला. म्हटलं, रंगकाम आटपलं असेल तर हिला घेऊन जा बाबा. तो म्हणाला, "कसलं रंगकाम?" मग जरा थांबून – "अच्छा, अच्छा. ती तुमच्याकडे आहे होय! बरं केलंत ताई, सांगितलंत. या आठवड्यात कामं आहेत. रविवारी येतो. तोवर कुठं जाणारे ती." किती गोड बोलतो. आमच्या धाकटीला असा शांत नवरा मिळाला हे नशीब. मी त्याच्या जागी असते तर माझं नि तिचं पटलं नसतं.

रविवारी मंडळीही आहेत. असू दे, एका कपानं काय फरक पडतो.

२७ ऑक्टोबर

धाकटीला सांगितलं, तो रविवारी येतोय. हातातली बशी तिनं ओट्यावर ठेवली. म्हणाली, "त्याला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, मी. तीच बशी उचलून पुन्हा पुसायला लागली. हिचं हे न बोलणं म्हणजे डोक्याला ताप आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते.

आज एकजण गाडी घेऊन आला. डाव्या दारावर पोचे. म्हणे फाटकाला घासली. मी नेहमीच्या सुरात सुरू झाले. फाटकाला घासली तर एक लांब ओरखडा येतो. हे वेगवेगळे ठोके आहेत. वेगवेगळ्या दिवशीचे. हा गंजलाय, हा त्यानंतरचा, आणि हा अगदी ताजा –

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला.

जांभळा एक. पिवळट एक, जुना. हिरवट होत आलेला एक. ‘हात’मध्ये हिरवा नाहीच! चार रंग आहेत, मला झोपेतही सांगता येतील. मी सगळी दुपार भिंग घेऊन बसले होते. कागदावर!

पोटात दुखतंय सांगून घरी आले. धाकटी खिडकीशी बसली होती, पडदा उघडून. मी म्हटलं, "दाखव." तिनं बाही वर केली. एका बाजूला चार. हात वळवून पाहिलं तर आतून अंगठ्याचा एक. सोळा दिवस झाले तरी गेलेले नाहीत. रविवारी मी यावर स्पिरिट चोळलं. देवा.

"रंगकाम नाही ना काढलेलं?"

"नाही."

"कधीपासून?"

"तू येऊन जायचीस ना आमच्याकडे, पडदे छान आहेत म्हणायचीस. तेव्हाही." मग म्हणाली, "त्याला ठाऊक नव्हतं गं, मी इथं आहे. त्याला वाटत होतं मी गावी मावशीकडे गेलेय."

मी तिची बाही हळूच खाली केली. मग मी म्हटलं, तू जायचं नाहीस. रविवारी येऊ दे त्याला, मी सांगते त्याला काय ते.

तिनं दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "तेवढी कडी बसवशील का या खोलीला?"

आणि मी म्हणाले – इथं शब्द न् शब्द लिहून ठेवते – "सोमवारी सुतार बोलावते. आत्ता चौकट पोखरली तर सगळीकडे भुसा उडेल, रविवारी मंडळी यायची आहेत. आणि इतक्या लोकांत तो काय करणारे?"

"बरं," म्हणाली.

३१ ऑक्टोबर

त्याला दोनदा फोन केला. येऊ नका म्हणून सांगायचं होतं. उचलत नाही. कार्यक्रम पुढं ढकलावा का? पण जजसाहेब, बाकीची मंडळी, सगळ्यांना सांगून झालंय. उलट लोक असलेले बरे. जजसाहेब स्वतः असणार. आयुष्यभर असल्यांना शिक्षा दिल्या त्यांनी.

‘हात’ फ्रेम होऊन आलं. बाहेरच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात लावलं. आत येणाऱ्याला पहिलं तेच दिसणार. कोरी कड शाबूत आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

मंडळी जमली. जजसाहेब ‘हात’समोर हाताची घडी घालून उभे. "ही पकड बघा! सत्ता म्हणजे दुसरं काय असतं? आणि चित्रकर्तीनं चेहरा दाखवला नाही, हे फार महत्त्वाचं." आकडेबाई (ही बाई चित्र बघत नाही, आधी प्रतीचा आकडा बघते) म्हणाली, "सगळी नववी? नशीबवान आहात." मी फुलले. खोटं कशाला बोलू, फुलले. धाकटी स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

तो आला. हातात फुलं. सगळ्यांना नमस्कार, हसणं. ‘हात’समोर थांबला, मान तिरकी करून बघितलं. "छान आहे ताई. जरा भडक आहे, नाही?" लोक हसले. मी म्हटलं, "मला तुमच्याशी बोलायचंय, गॅलरीत या." तो म्हणाला, "बोलू की, घाई काय आहे," आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. मी मागे जाणार तेवढ्यात आकडेबाईनं कसल्या कागदावर छापलंय म्हणून विचारलं. मी उत्तर दिलं. मी उत्तर देत उभी राहिले!

दोघं बाहेर आली. त्याच्या एका हातात तिची पिशवी. दुसरा हात तिच्या दंडावर, कोपराच्या वर. चार बोटं बाहेर, अंगठा आत. चेहऱ्यावर हसू. "येतो मंडळी, हिला बरं वाटत नाहीये."

बोळात ती थांबली. म्हणाली, "मी नाही येत." हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्यानं हिसका दिला. तिचा खांदा भिंतीवर आपटला, फ्रेमला लागला, एक खिळा सुटला आणि ‘हात’ तिरकं लटकलं.

"अहो, फ्रेम! फ्रेम!" जजसाहेब ओरडले. आकडेबाई धावली. कुणीतरी कप टाकून धावलं. आणि सगळ्यांच्या आधी मी. दोन्ही हातांनी मी फ्रेम धरली. माझे दोन्ही हात फ्रेमवर होते.

"सॉरी, सॉरी," तो म्हणाला. "चित्राला काही झालं नाही ना?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, त्याचंच वाईट वाटतं. "नाही झालं काही, ताई," म्हणाली. चप्पल घातली आणि त्याच्याबरोबर गेली.

जजसाहेबांनी खिशातून भिंग काढून कोपरा तपासला. "वाचलं!" म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग चहा झाला. मी सगळ्यांना चहा दिला.

३ नोव्हेंबर

सुतार आला होता. मीच बोलावलं होतं. परत पाठवला.

४ नोव्हेंबर

फोन तो उचलतो. "झोपलीये ताई." दुपारी, "झोपलीये." संध्याकाळी, "झोपलीये."

इतकी कशी झोपते?

५ नोव्हेंबर, बुधवार

रजा टाकली. पाहणीला जाते तशीच गेले, ओळखपत्र गळ्यात, बॅग खांद्याला. दार त्यानंच उघडलं. "अरे वा, ताई! न कळवता?"

मी म्हटलं, "नुकसानीची पाहणी करायला आलेय."

तो हसला. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तिथूनच हाक मारली, "धाकटे, चप्पल घाल!" तो म्हणाला, "ताई, हा आमचा घरचा मामला आहे. हळू बोला." हळू! मला हळू बोलायला सांगतो! गॅसवाला, फ्रेमवाला, विमा बुडवणारे, कुणाकुणावर म्हणून मी हा आवाज आयुष्यभर वाया घालवला. आज सगळा काढला. पडदे छान आहेत म्हणाले होते ना मी, ते पडद्यामागचं सगळं जिन्यात उभी राहून बोलले. दंड कुठं, बोटं किती, अंगठा कुठं. वरच्या मजल्यावरची दारं उघडली. खालची उघडली. एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याचं हसू गेलं. मी ते जाताना बघितलं.

धाकटी आतून आली. डावा डोळा सुजलेला. त्यानं तिच्याकडे हात केला. मी मध्ये गेले. भीती वाटली का? वाटली. पण माझे हात रिकामे होते या वेळी.

रिक्षात मला म्हणाली, "किती ओरडतेस गं ताई." आणि रडायला लागली. मीही.

६ नोव्हेंबर

डॉक्टर, मग पोलीस चौकी. तिथल्या बाई नीट बोलल्या. सगळे फोटो काढले, उजेडात. फोटो काढून घेताना तिनं माझी ओढणी धरून ठेवली होती.

जजसाहेबांचा फोन येऊन गेला. फ्रेम घट्ट बसवली का, विचारत होते. मी फोन ठेवून दिला. त्याआधी मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

‘जिना’, ‘शिक्का’, ‘हात’ सगळी काढून माझ्या कपाटामागं उभी केली. छोट्या खोलीत आता भिंती आणि पलंग. पडदे उघडे. सुतार आला, चौकट पोखरली, घरभर भुसा. उडू दे.

दुपारी जेवण झालं आणि धाकटी पडायला गेली. आत्ता कडी लागल्याचा आवाज आला. आतून.